सोबत न्यायच्या सामानाची यादी

रविवार, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, सकाळी साडेदहा. ठिकाण: कोलकात्याच्या बेहाला भागातला आमचा भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, जेवणाचं टेबल.

हजर: मी, वय बावन्न, केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. नवरा, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करणारा. स्वयंपाकाच्या बाई, ज्यांना इथल्या रीतीप्रमाणे आम्ही माशी म्हणतो, म्हणजे मावशी. गैरहजर: मुलगी, नोकरीनिमित्त बंगळुरूला.

ऑफिसात बैठकांची इतिवृत्तं लिहून लिहून हाताला हीच सुरुवात सुचते. त्या रविवारी नवऱ्याला माझ्या वहीत एक कागद सापडला. तो त्याने वाचला आणि आनंदाने टेबलावर थाप मारली. त्याला तो काय वाटला हे कळण्यासाठी आमच्या घरची एक पद्धत आधी सांगावी लागेल.

माझी बदली दर तीन-चार वर्षांनी होते. कोलकाता हे सातवं ठिकाण. ऑर्डर आली की ऑफिसात जसा चार्ज द्यायचा, तसा मी घराचाही देते. मुलीच्या शाळेमुळे बहुतेक वेळा मी पुढे जायची आणि नवरा चार-सहा महिने मागे राहायचा, तेव्हापासूनची ही रीत. कागद दोन असतात. पहिल्यावर मागे राहणाऱ्यासाठी सगळं लिहिलेलं: गॅसचा नंबर, कुठल्या कुलपाची कुठली किल्ली, मुलीच्या लसीकरणाचं कार्ड कुठल्या फायलीत, कोणती वस्तू कुणाला देऊन टाकायची. दुसऱ्यावर माझ्यासोबत जाणारं सामान: कपडे, चष्मे, छोटा कुकर, इस्त्री. पहिल्या कागदाखाली नवरा 'चार्ज घेतला' असं लिहून सही करायचा. दुसरा माझ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात जायचा. नातेवाईक यावर पोट धरून हसतात. नवरा घरात मला मॅडम म्हणतो तेही तेव्हापासूनच.

त्या रविवारी सापडला तो पहिला कागद होता. एकेचाळीस मुद्दे, माझ्या सुवाच्य अक्षरात.

"काय मॅडम, ऑर्डर आली आणि घरच्यांनाच पत्ता नाही?"

ऑर्डर आलेली नव्हती.

त्याआधीच्या वर्षभरात मला डिप्रेशन असल्याचं निदान झालं होतं. एप्रिलमध्ये एका डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या होत्या. घरी येऊन मी पहिलं काम केलं ते तक्ता आखण्याचं. गोळी, चालणं, आंघोळ, मुलीला फोन. चार रकाने, महिन्याचे दिवस, फ्रिजवर चुंबकाने लावलेला. सकाळी चहाच्या वेळी नवरा तो बघायचा आणि कालचे चारही रकाने भरलेले असले की "शाब्बास" म्हणायचा. सुरुवातीला ते खरंच भरलेले असायचे. मला बरंही वाटायला लागलं होतं.

पहिली खोटी खूण मी चालण्यापुढे केली. पाऊस होता, गेले नाही, पण रकाना मोकळा बघवेना. त्यात काय मोठंसं, उद्या दुप्पट चालू. उद्या चालले नाही. मग आंघोळ. सुटीच्या दिवशी आंघोळ करणं मला एखादं कपाट उचलण्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन बादली भरायची, ओतायची, टॉवेल नळाखाली ओला करून दांडीवर टाकायची आणि बाहेर यायची. हे लिहिताना आजही लाज वाटते. ज्या ताकदीने मी टॉवेल पिळत होते, तेवढ्यात आंघोळ झाली असती. पण त्या दिवसांत असा हिशोब कळत नाही. झालं आहे असं दिसणं तेवढं जमत होतं.

दुर्गापूजेच्या सुटीत इथे सगळं बंद असतं. दवाखाना बंद, आमचं ऑफिस बंद, गल्लीच्या तोंडावर मांडव, रिक्षासुद्धा आत येत नाही. त्या आठवड्यात माझी गोळ्यांची पट्टी संपली. सुटी संपल्यावर नवी आणायची होती. मी आणली नाही. कारण म्हणाल तर काही नाही. डॉक्टरीणबाईंकडे जायची तारीखही चुकली होती, आता गेले तर त्या विचारतील, मग मी काय सांगू, म्हणून पुढची तारीखही घेतली नाही. गोळीच्या रकान्यात मात्र रोज खूण होत राहिली. सहा आठवडे.

बदलीवाल्यांच्या घरात याला एक तयार आडोसा मिळतो. आम्ही प्रत्येक गावात हेच केलं आहे. पाणी जड, घरमालक तिरसट, हवा दमट, तीन वर्षं काढायची आणि सुटायचं. आजारपणही मी त्याच खात्यात टाकलं. कोलकात्याची हवा मानवली नाही. झोप येत नाही ती दमटपणामुळे, रडू येतं ते माणसं नाहीत म्हणून. बदली झाली की जाईल. नवराही असंच म्हणायचा, आणि त्यात त्याची चूक नव्हती, हे वाक्य त्याला मीच शिकवलं होतं. बसायच्या खोलीत अजून नऊ खोकी न उघडता पडून होती. दोन वर्षं होत आली तरी मी भिंतीत एक खिळा ठोकू दिला नव्हता.

मुलीला रोज संध्याकाळी फोन करायची, तो रकाना खोटा नसायचा. पण फोनवर बोलायची ती वाक्यं मी आधी पॅडवर लिहून ठेवायची. आज ऑफिसात पाहणीपथक आलं होतं. माशींनी लाल भोपळ्याची भाजी केली. तू जेवलीस का. तीन वाक्यं, आवाज वर चढवून, मग "चल, दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवायचा. एकदा ती म्हणाली, "आई, तुमच्याकडे रोज याच वेळी दूध कसं उतू जातं?" मी हसले आणि दुसऱ्या दिवशीच्या पॅडवर दुधाऐवजी दारावरची बेल लिहिली.

आणि तो कागद. ऑक्टोबरच्या शेवटी मी तो लिहायला घेतला, जेवणाच्या सुटीत, ऑफिसच्या टेबलावर. आडवळणाने सांगत नाही. मला जगायचं नव्हतं, आणि माझ्यामागे घरात कुणाचं काही अडू नये असं वाटत होतं. हे वाटणं तेव्हा मला समजूतदारपणाचं वाटायचं. लिहायला बसलं की डोक्यातला कलकलाट थांबायचा, म्हणून मी रोज एखाद-दोन मुद्दे वाढवायची. या आजारात माणसाला अचानक शांत वाटायला लागलं, सगळं आवरून ठेवावंसं वाटायला लागलं, तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगावं. मी सांगितलं नाही. मी मुद्द्यांना क्रमांक घातले.

तर त्या रविवारी नवऱ्याने विचारलं, "कुठे? पुणे?" मी म्हणाले, अजून नक्की नाही. हे वाक्य आमच्या घरात दर बदलीच्या वेळी ऐकू येतं. यादी अधिकृतपणे बाहेर पडेपर्यंत मी कधीच ठिकाण सांगत नाही. त्यामुळे त्याची खात्रीच पटली. त्याने खिशातून पेन काढलं, कागदाखाली 'चार्ज घेतला' असं लिहिलं आणि वळणदार सही केली. माशी पोळ्या लाटत होत्या. पोळ्या लाटायला त्यांना मीच शिकवलं होतं. त्याने आपल्या मोडक्या बंगालीत त्यांना सांगितलं की बौदी, म्हणजे वहिनी, चालल्या. त्या लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ओखाने गिये भालो थेको, बौदी." तिकडे जाऊन बऱ्या राहा.

मी मान हलवली. त्या टेबलाशी तीन माणसं होती आणि खरं काय ते एकटीला माहीत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी पुढचे चार दिवस सांगितलं नाही.

दहा मिनिटांत त्याने मुलीला फोन लावला. ती इतकी खूश झाली की लगेच डिसेंबरातली रजा टाकते म्हणाली, पॅकिंगला येणार, या वेळी खोक्यांवर क्रमांक तीच घालणार. मग मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याने बातमी टाकली. मी त्याच्याकडे बघत होते. बदलीचा इतका आनंद त्याला कधीच झालेला मी पाहिला नव्हता. मग लक्षात आलं की हा आनंद पुण्याचा नाही. त्याला वाटत होतं, आता मी बरी होणार.

सोमवारी दिवसभर अभिनंदनं. मंगळवारी संध्याकाळी पुढच्या गल्लीतल्या ताई आल्या. त्यांचे यजमान इथे बँकेत आहेत. आमच्या मंडळात जाणाऱ्या घराने न्यायचं नसलेलं सामान इथल्यांना देऊन जायचं अशी चाल आहे, कारण मराठी स्वयंपाकघरातल्या काही वस्तू इथे शोधून मिळत नाहीत.

"मी आधीच सांगून ठेवते हं, पुरणयंत्र माझं," ताई चप्पल काढता काढता म्हणाल्या. "मागच्या वेळी ते साल्ट लेकवाले गेले, त्यांचं मोदकपात्र मी मागून ठेवलेलं, आणि ऐनवेळी उचललं भलतीनेच. मी त्या बाईशी संक्रांतीपर्यंत बोलले नव्हते."

नवरा हसला, म्हणाला, घेऊन जा, यादीत तुमचंच नाव आहे, मी सही केली आहे. आणि ते खरं होतं. मुद्दा सत्तावीस: पुरणयंत्र, पुढच्या गल्लीतल्या ताईंना. मी माळ्यावरून ते काढलं, पुसलं, पिशवीत घालून त्यांच्या हातात दिलं. त्या गेल्यावर कागदावर सत्ताविसाव्या मुद्द्यापुढे खूण केली. फोनचा रकाना सोडला तर सहा आठवड्यांतली ती पहिली खरी खूण. कागद कागदच होता तोवर मी निवांत होते. आता त्यातली एक ओळ घराबाहेर गेली होती.

तरी मी बोलले नाही. उलट बुधवारी ऑफिसातून येताना मेट्रोत बसून विचार केला की बदलीचं हे नाटक किती दिवस चालेल, त्याआधी मला काय ते ठरवावं लागेल. हा विचार मी एखाद्या निविदेची शेवटची तारीख बघावी तसा केला. समोरच्या बाईने विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का. मी म्हणाले, उकडतंय. डब्यात वातानुकूलन होतं आणि तिने शाल पांघरली होती.

गुरुवारी मी डोकं दुखतंय सांगून घरी राहिले. नऊ वाजता नवरा टेप घेऊन कपाटाची उंची मोजत होता. मोजून झाल्यावर तो टेबलाशी आला आणि सही केलेला कागद समोर ठेवून बसला.

"मॅडम, दुसरा कागद द्या."

"कुठला?"

"सोबतच्या सामानाचा. खोकी मागवायची आहेत. तुझ्याबरोबर काय जाणार ते कळल्याशिवाय किती सांगू?"

"तो केलेला नाही."

"मग कर. तू केला नाहीस म्हणजे नवलच आहे. आणि ही एक चूक झालीय बघ. यात तू तुझे चष्मे पण देऊन टाकलेस. दोन्ही. तिकडे जाऊन काय नंदीबैलासारखी नुसती मान हलवणार आहेस?"

चुकून लिहिलं, एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलेलं होतं. पण तो माझ्याकडे हसत बघत होता, आणि त्या क्षणी मला खोटं बोलण्याचाही इतका शीण आला की तेही बोलवेना.

"मला सोबत काही न्यायचं नव्हतं," मी म्हणाले.

तो अजून हसतच होता. मग त्याने कागद जवळ ओढला. त्याचं बोट पहिल्या मुद्द्यापासून खाली सरकत गेलं. मुलीला द्यायच्या माझ्या दागिन्यांपाशी थांबलं. चष्म्यांपाशी थांबलं. माझ्या चालायच्या बुटांपाशी थांबलं, ते मी माशींच्या नावे लिहिले होते.

"मी सही केलीय यावर," तो म्हणाला.

"हो."

"मी सही केलीय याच्यावर."

मी त्याच्या हातावर हात ठेवायला गेले तर त्याने माझं मनगट धरलं. दुखेल इतकं घट्ट. गोळ्या, त्याने विचारलं. मी सांगितलं, पूजेपासून नाही. खुणा खोट्या. टॉवेलचंही सांगितलं, का कोण जाणे, त्या वेळी तेच सगळ्यात मोठं पाप वाटत होतं. माशी आत येऊन उभ्या राहिल्या होत्या. मराठी त्यांना येत नाही, पण त्यांनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. नवरा चपला घालून दवाखान्यात फोनवर बोलेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

त्याच दुपारी आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर होतो. गोळ्या बंद केल्याबद्दल त्या मला फाडून खातील या भीतीने मी सहा आठवडे गेले नव्हते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागद मागितला, त्यांना मराठी येत नव्हतं म्हणून नवऱ्याकडून हिंदीत एकेक मुद्दा वाचून घेतला. त्याला वाचायला फार वेळ लागला. पंधराव्या मुद्द्यापाशी त्याने कागद खाली ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, पुरे. मग त्यांनी मला सरळ विचारलं की आत्ता, आज, जिवाचं काही करावंसं वाटतंय का. इतक्या महिन्यांत असं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की नाही, ठाऊक नाही. त्या दिवशी हो म्हणाले.

त्यांनी ठरवलेल्या गोष्टी अशा. गोळ्या पुन्हा, पण नवऱ्याच्या ताब्यात. काही आठवडे मला घरात एकटं सोडायचं नाही. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे. फ्रिजवरचा तक्ता उतरवायचा. आणि रोज सकाळी घरातल्या एका माणसाला एक खरं वाक्य तोंडाने सांगायचं, लिहून नाही. मला वाटलं, एवढंच? पहिले तीन दिवस मला एकही वाक्य सुचलं नाही. चौथ्या दिवशी नवऱ्याला म्हणाले, आज मी आंघोळ करणार नाही. तो म्हणाला, बरं. त्याने शाब्बास म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

ज्यांना हा आजार आहे त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे, आणि ते क्रमाने लावता येत नाही. न केलेलं काम केलं म्हणून दाखवू नका. बघणारा फसतो, मग त्याला मदत करता येत नाही, आणि त्याला कळलं नाही म्हणून तुम्ही मनातल्या मनात त्याच्यावरच रुसता. मी नवऱ्यावर असे सहा आठवडे रुसले होते. बरं व्हायचं काम पुढच्या गावावर टाकू नका. बरं वाटायला लागलं म्हणून, किंवा दवाखाना बंद होता म्हणून, गोळ्या आपल्या आपण थांबवू नका. तारीख चुकली तर चुकलेली तारीख घेऊनच जा. घरच्यांनीही एक करावं: तक्ता बघू नये, माणसाकडे बघावं. आणि सगळं नीट लावून ठेवणारी बाई फारच नीट लावायला लागली, तर तिला विचारावं.

मंडळाच्या ग्रुपवर नवऱ्याने लिहिलं की ऑर्डरचा गैरसमज झाला, तब्येतीच्या कारणाने आम्ही घरीच आहोत. दुसऱ्या दिवशी ताई पुरणयंत्राची पिशवी घेऊन दारात. त्या आत आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला होतं. तुम्ही बोलू नका. मटार आणलेत, मी सोलत बसते." दोन तास त्या मटार सोलत बसल्या. मधे एकदाच म्हणाल्या की तुमच्या बाजारातला मटार महाग आणि अळीचा, आमच्या बाजूला येत चला. जाताना पुन्हा उद्या येते म्हणाल्या, आणि आल्या.

मी बरी झाले असं सांगणारं हे लिखाण नाही. अजून सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तोच येतो. तो विचार आला हे मी आता सांगते, एवढाच फरक. परवाचं माझं खरं वाक्य होतं, मला अजून भीती वाटते की मी तुम्हा सगळ्यांना थकवून सोडीन. नवरा म्हणाला, थकलोच आहे, चहा घेऊ. आम्ही चहा घेतला. तो त्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर रडला, कॅमेरा बंद करून, मला आतून ऐकू येत होतं. मी उठून त्याच्याकडे गेले नाही. उठवलंच नाही माझ्याने.

मुलीला अजून खरं माहीत नाही. तिला सांगायचं काम मीच मागून घेतलं. मी सांगीन, तू सांगू नकोस, असं नवऱ्याला म्हणाले, म्हणून तो तिला ऑर्डर वर अडकली आहे एवढंच सांगून गप्प राहिला. ती येणं रद्द करायला तयार नाही. रजा मंजूर आहे, खोक्यांवर चिकटवायची लेबलं तिने छापून घेतली आहेत, फोटो पाठवला. रोज संध्याकाळी फोन होतो. आता पॅड नाही, त्यामुळे मी फार बोलत नाही, आणि ती विचारते, आई, काय झालं, आणि मी म्हणते, काही नाही.

तिचं विमान शनिवारी सकाळी आहे. तिने दारात पाऊल टाकण्याआधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं. आज बुधवार. दुपारी दोनदा फोन हातात घेतला. लावलेला नाही.